फॅशन मार्केटिंग शिकायचंय? मग कॅल्क्युलेटर आणि चालायच्या चपला तयार ठेवा

शिवण येत नाही, चित्रकलेत शाळेपासून काठावर पास, पण कपड्यांचं वेड आहे आणि त्यातच काहीतरी करायचंय, अशा पोरापोरींसाठी हे लिहितेय. आणि त्यांच्या आईबाबांसाठी पण, कारण फी तेच भरणार आहेत. मी बीकॉम करून फॅशन मॅनेजमेंटला गेले, आता एका कपड्यांच्या ब्रँडमध्ये बाइंगचं, म्हणजे माल निवडून खरेदी करायचं काम करते, आणि दर उन्हाळ्यात कुणाच्या ना कुणाच्या भाचीचा मेसेज येतोच की ताई फॅशन मार्केटिंगला काय काय लागतं. तेच तेच टाइप करून कंटाळा आला म्हणून आता एकदाच सगळं इथे.

रॅम्प, मॉडेल, फोटोशूट हा भाग या कामात फार थोडा आहे, हे सगळ्यात आधी डोक्यात बसवा. दुकानात एक कुर्ती टांगलेली दिसते ना, त्याच्या चारपाच महिने आधी कुणीतरी बसून ठरवलेलं असतं की ही कुठल्या रंगात घ्यायची, किती नग, कुठल्या साइजचे किती, पुण्याला किती आणि नागपूरला किती, किंमत काय लावायची आणि नाहीच खपली तर कुठल्या आठवड्यात सेलला काढायची. हे ठरवणारे लोक म्हणजे आपण. कामाची नावं वेगवेगळी असतात, बायर, प्लॅनर, व्हिज्युअल मर्चंडायझर म्हणजे दुकानाची मांडणी बघणारे, मिंत्रा-आजिओसारख्या ठिकाणी कॅटेगरी मॅनेजर, ब्रँड आणि सोशल मीडियावाले. मर्चंडायझर म्हणून जाहिरात दिसली तर मात्र नीट वाचा, कारण रिटेल कंपनीतला मर्चंडायझर माल निवडतो आणि विक्री बघतो, तर एक्सपोर्ट हाउसमधला मर्चंडायझर परदेशी गिऱ्हाईक आणि फॅक्टरी यांच्या मध्ये उभा असतो, सँपल पास करून घे, बटणं आली का बघ, शिपमेंटची तारीख सांभाळ, दिवसभर फोन. दोन्ही कामं चांगली आहेत पण स्वभाव वेगळे लागतात.

कॉलेज कसं बघायचं

आपल्याकडे नाव सगळ्यांना माहिती असतं ते निफ्टचं, म्हणजे नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ फॅशन टेक्नॉलॉजीचं. १९८६ साली सुरू झालेली, केंद्राच्या वस्त्रोद्योग मंत्रालयाखाली येणारी संस्था, २००६ च्या कायद्याने तिला स्वतःची डिग्री द्यायचा अधिकार आहे. मुंबईचा कॅम्पस म्हणजे खारघर. मार्केटिंगवाल्यांसाठी तिथला मुख्य कोर्स एमएफएम, म्हणजे मास्टर ऑफ फॅशन मॅनेजमेंट, दोन वर्षांचा, आणि कुठल्याही शाखेचा पदवीधर चालतो. कॉमर्सवाले, इंजिनिअर, बीए इंग्लिश, सगळे एका वर्गात असतात आणि खरं सांगायचं तर त्यातच मजा असते. बारावीनंतर लगेच जायचं असेल तर बीडेसमध्ये (बॅचलर ऑफ डिझाइन) फॅशन कम्युनिकेशन आहे, पण तो जास्त करून डिझाइनच्या अंगाने जाणारा कोर्स आहे, ग्राफिक्स, स्टायलिंग, फोटोग्राफी, दुकानाची मांडणी वगैरे. त्याला वयाची अट पण आहे, २४ च्या आत. एमएफएमला तशी नाही, म्हणून नोकरी करून नंतर आलेले लोकही भेटतात.

प्रवेश परीक्षा आता एनटीए, म्हणजे नॅशनल टेस्टिंग एजन्सी घेते. एमएफएमला चित्रकलेचा पेपर नसतो, जनरल अॅबिलिटीचा असतो, गणित, इंग्रजी, तर्क, चालू घडामोडी असं, आणि पुढे इंटरव्ह्यू. बीडेसला मात्र क्रिएटिव्ह अॅबिलिटी आणि सिच्युएशन टेस्ट (दिलेल्या साहित्यातून मॉडेल बनवून दाखवणं) या भानगडी आहेत. चित्रकलेची भीती म्हणून फॅशनच सोडून देणाऱ्या कितीतरी मुली मी बघितल्यात, त्यांना कुणी हे सांगितलेलंच नसतं.

निफ्ट सोडून पण बरंच आहे. पुण्यात सिंबायोसिसचं डिझाइन इन्स्टिट्यूट आहे, मुंबईत पर्ल अकॅडमी आहे, एसएनडीटीच्या जुहू कॅम्पसला टेक्स्टाइल आणि अॅपरलचा जुना आणि फीच्या मानाने परवडणारा विभाग आहे (त्याच एसएनडीटीचा, जे महर्षी कर्व्यांनी १९१६ साली सुरू केलं), इचलकरंजीला डीकेटीई आहे, ते इंजिनिअरिंगवाल्यांचं पण कापडाच्या बाबतीत पक्कं. खाजगी कॉलेजं गल्लोगल्ली झालीत आणि सगळ्यांच्या ब्रोशरवर तोच फोटो, टेप गळ्यात घातलेली मुलगी. ब्रोशर बाजूला ठेवा आणि सिलॅबस मागा. त्यात रिटेल मॅथ्स किंवा मर्चंडाइज प्लॅनिंग आहे का? फॅब्रिकचा किमान एक विषय आहे का? कन्झ्युमर बिहेविअर, रिसर्च, एक्सेल? इंटर्नशिप किती आठवड्यांची आणि ती कॉलेज मिळवून देतं की तुमची तुम्ही शोधायची? सगळे विषय जर इव्हेंट, इन्फ्लुएन्सर, ब्रँडिंग, स्टायलिंग असेच असतील तर ते हौसेचं झालं, त्यावर लाखो रुपये घालू नका.

आणि दुसरं, डिग्री कुठल्या युनिव्हर्सिटीची आहे ते लेखी विचारा. "इंटरनॅशनल डिप्लोमा" हे ऐकायला भारी वाटतं, पण उद्या एमबीएला किंवा सरकारी परीक्षेला बसायचं म्हटलं की डिग्री लागते.

प्लेसमेंटचा आकडा सांगतील तेव्हा सरासरी विचारू नका, मधला आकडा (मीडियन) विचारा, आणि मागच्या बॅचची मुलं कुठल्या कंपनीत कुठल्या पदावर लागली ती यादी मागा. "लीडिंग ब्रँड्स" म्हणून लोगोंची रांग दाखवतात, त्यात लोक मॉलमध्ये सेल्स असोसिएट म्हणून लागलेले असतात. सेल्सला मी कमी लेखत नाहीये हां, उलट पुढे सांगणारच आहे की ते काम केलंच पाहिजे, पण त्यासाठी एवढी फी भरायची गरज नाही.

घरी समजावणं हा एक वेगळाच पेपर असतो. "टेलरिंग शिकायला एवढे पैसे?" हे वाक्य जवळपास प्रत्येक घरात होतंच. बाबांना फॅशन शब्द सांगू नका, टाटांचं ट्रेंट सांगा, रेमंड सांगा, शॉपर्स स्टॉप सांगा, की या कंपन्यांमध्ये माल कुणीतरी खरेदी करतं आणि ते काम आम्ही शिकणार. मामाचं कापडाचं दुकान असेल तर प्रश्नच मिटला, मामालाच बोलायला लावा.

अॅडमिशन झाल्यावर, आणि खरं तर त्याच्या आधीच: कापड ओळखा

मार्केटिंगवाल्यांची सगळ्यात मोठी अडचण ही की त्यांना कापड कळत नाही, आणि ते कळत नाही हे सप्लायरला दोन मिनिटांत कळतं. मग तो तुम्हाला काहीही गळ्यात मारतो. त्यामुळे सुट्टीत मंगलदास मार्केटला जा, क्रॉफर्ड मार्केटच्या जवळच आहे, गल्ल्यागल्ल्यांत फक्त कापड. पुण्यात असाल तर लक्ष्मी रोड आणि रविवार पेठ. दुपारी गर्दी कमी असताना जायचं आणि तागे हाताने बघायचे. एकच रंग कॉटनमध्ये, रेयॉनमध्ये, पॉलिएस्टरमध्ये कसा वेगळा दिसतो, रेयॉन कसं अंगावर पडतं आणि कॉटन कसं उभं राहतं, हे व्हिडिओत कळत नाही. भवानीच्या, म्हणजे दिवसातल्या पहिल्या विक्रीच्या आधी जाऊन नुसते प्रश्न विचारत बसू नका म्हणजे झालं, आणि निघताना अर्धा मीटर तरी घ्या.

घरी करायच्या दोन गोष्टी आहेत.

एक म्हणजे जाळून बघणं. शिवणीच्या आतून दोनचार धागे ओढायचे, चिमट्यात धरायचे, खाली स्टीलची ताटली आणि बाजूला पाणी. कॉटन किंवा रेयॉन पटकन पेटतं, कागद जळल्यासारखा वास येतो आणि मऊ राख उरते. रेशीम आणि लोकर जळताना केस जळल्याचा वास, राख बोटाने चुरगळते. पॉलिएस्टर ज्योतीपासून आकसतं, वितळतं आणि गार झालं की कडक मणी होतो, तो गरम असताना हात लावू नका, चिकटतो. "प्युअर सिल्क" म्हणून घेतलेल्या ओढणीच्या धाग्याचा मणी झाला की काय समजायचं ते समजा. मिक्स कापडात दोन्ही लक्षणं दिसतात.

दुसरं जीएसएम, म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममध्ये वजन. फॅक्टरीत त्याला गोल कटर असतो पण घरी जुन्या टी-शर्टचा १० बाय १० सेंटीमीटरचा चौकोन नीट कापा, सोनाराच्या किंवा छोट्या डिजिटल काट्यावर वजन करा आणि १०० ने गुणा. १.८ ग्रॅम आलं तर १८० जीएसएम. आता बाजारातले स्वस्त आणि महाग असे चारपाच टी-शर्ट असे मोजून बघा, १४० वाला कुठला आणि २२० वाला कुठला, आणि किंमत वजनाप्रमाणे चालते का. नाही चालत. का नाही चालत यातच तुमचा अख्खा विषय आहे.

गणित, म्हणजे जिथे अर्धा वर्ग रडतो

घाबरायचं कारण नाही, सातवीचं गणित आहे, फक्त ते रोज करायचं असतं. एक उदाहरण शेवटपर्यंत करूया.

कुर्ती आपल्याला ४०० ला पडली. एमआरपी लावली ११९९. लोक म्हणतात बघा तिप्पट कमावतात! आता त्या ११९९ मध्ये ५ टक्के जीएसटी आहे, तो काढला की हातात येतात साधारण ११४२. त्यातून ४०० गेले, उरले ७४२. या ७४२ मधून दुकानाचं भाडं, पगार, लाइट, जाहिरात, ट्रान्सपोर्ट. ठीक चाललंय. मग कुर्ती खपत नाही म्हणून ४० टक्के सेल लावला, किंमत झाली ७१९, टॅक्स काढून ६८५, त्यातून ४०० गेले, उरले २८५. म्हणजे गिऱ्हाइकाला सूट ४० टक्के मिळाली पण आपल्या हातात उरणारी रक्कम ६० टक्क्यांहून जास्त घसरली. आणि भाडं तेवढंच आहे. हे एकदा स्वतःच्या हाताने कागदावर करून बघा, मग मॉलमधला "फ्लॅट ५०" बघून तुमचा चेहरा बदललेला असेल.

आता जरा गमतीचा भाग. २२ सप्टेंबर २०२५ पासून कपड्यांवरचा जीएसटी बदलला, एका नगाची टॅक्स सोडून विक्री किंमत २५०० पर्यंत असेल तर ५ टक्के आणि त्याच्या वर गेली की थेट १८. आता बघा, टॅक्ससकट २६२५ ला ड्रेस विकला तर विकणाऱ्याच्या हातात बरोबर २५०० येतात. तोच ड्रेस २६९९ ला विकला तर स्लॅब बदलला, १८ टक्के काढून हातात येतात २२८७! किंमत ७४ रुपयांनी वाढवली आणि कमाई दोनशेच्या वर कमी झाली. परत २५०० हातात यायला किंमत २९५० पर्यंत न्यावी लागते. म्हणजे २६२५ आणि २९५० च्या मधली सगळी जागा कपड्यांसाठी खड्डा आहे, तिथे किंमत लावणं म्हणजे निव्वळ सरकारला दान.

उलट पण होतं. ३४९९ चा ड्रेस ३० टक्के सेलला काढला की तो २४४९ ला येतो आणि १८ मधून ५ मध्ये उतरतो. पूर्ण किमतीला हातात २९६५ येत होते, सेलला २३३२ येतात, म्हणजे सूट ३० टक्के दिली पण हातातली रक्कम कमी झाली २१ टक्क्यांनीच. इंटरव्ह्यूला प्रायसिंगवर प्रश्न आला आणि तुम्ही हे कागदावर मांडून दाखवलं तर समोरचा माणूस खुर्चीत पुढे सरकून बसतो.

बाकी जे रोज लागतं ते सेल-थ्रू. आलेल्या मालापैकी किती टक्के खपला. २०० नग आले, चार आठवड्यांत ९० गेले, सेल-थ्रू ४५ टक्के. पण नुसता आकडा बघून खूश किंवा दुःखी होऊ नका, साइजप्रमाणे फोडून बघा. बऱ्याच वेळा एम आणि एल दुसऱ्या आठवड्यातच संपलेले असतात आणि एक्सएस, ट्रिपल एक्सएल टांगून राहिलेत. म्हणजे स्टाइल वाईट नव्हती, साइजचं रेशो चुकलं. दुकानदार याला साइज तुटली म्हणतात, आणि साइज तुटलेला माल चांगला असूनही डेड स्टॉकला जातो.

ऑनलाइनवाल्यांचं गणित आणखी वेगळं, तिथे कॅश ऑन डिलिव्हरी मागवून दारात नाही म्हणणारे लोक असतात. पार्सल परत येतं, जाण्याचा खर्च आपला, येण्याचाही आपला, त्याला आरटीओ (रिटर्न टू ओरिजिन) म्हणतात, आणि कितीतरी इन्स्टावरचे ब्रँड भरपूर ऑर्डर असूनही याच्यातच बुडतात. फॉलोअर किती यापेक्षा रिटर्न किती हे विचारायला शिका.

एक्सेल येत नसेल तर आजपासून लागा. पिव्होट टेबल आणि लुकअप एवढं आलं तरी पहिल्या वर्षी तुम्ही वर्गात राजे.

दुकानं बघायची म्हणजे नक्की काय करायचं

सगळ्या प्रोफेसरांचं आवडतं वाक्य, "स्टोअर व्हिजिट करून या." मग मुलं जातात, फोटो काढतात, कॉफी पितात आणि परत येऊन लिहितात की स्टोअरचं अँबियन्स छान होतं. त्यात काही अर्थ नाही.

असं करा. एकच दुकान, एकच कोपरा, आठवड्यातल्या दोन वेगळ्या वेळा, एक कामाच्या दिवशी दुपारी आणि एक रविवारी संध्याकाळी. आत शिरल्यावर पहिल्या टेबलावर काय आहे, त्याची किंमत काय. लोक आत आले की कुठल्या बाजूला वळतात. कुठल्या रॅकला हात लावतात आणि सोडून देतात, हात लावल्यावर आधी कापड चुरगळून बघतात की किमतीची पट्टी उलटतात. ट्रायल रूमच्या बाहेर नाकारलेल्या कपड्यांचा जो ढीग असतो ना, तो सगळ्यात महत्त्वाचा, तिथे पाच मिनिटं थांबा. एकच टॉप तीनदा त्या ढिगात दिसला म्हणजे हँगरवर छान आणि अंगावर वाईट, फिटिंगची भानगड आहे. फोटो काढायला सिक्युरिटीवाले हरकत घेतात, बरोबरच आहे त्यांचं, म्हणून बाहेर आल्या आल्या मोबाइलवर लिहून काढा.

झुडिओ आणि वेस्टसाइड एका पाठोपाठ बघा. दोन्ही ट्रेंटचीच, वेस्टसाइड १९९८ च्या सुमारासचं आणि झुडिओ २०१६ चं. दोन्हीकडे स्वतःच्याच ब्रँडचा माल, पण किमतीच्या पायऱ्या बघा, रंग किती ठेवलेत बघा, हेल्पर किती आहेत बघा. झुडिओची टीव्हीवर जाहिरात आठवते का तुम्हाला? मला नाही आठवत. मग एवढी गर्दी कशी होते, मार्केटिंगचा पैसा कुठे गेला, याच्यावर दोन पानं लिहा, मिलानच्या फॅशन हाउसवर गूगलवरून उतरवलेल्या वीस पानांपेक्षा ती जास्त कामाची.

आणि फक्त मॉल नको. दादरला हिंदमाताच्या साड्यांच्या दुकानात गादीवर बसून सेल्समन एका बाईसमोर किती साड्या उलगडतो, कुठल्या क्रमाने उलगडतो, बजेट न विचारता बजेट कसं काढून घेतो, ते बघा. तो आधी मधल्या किमतीची टाकतो आणि चेहरा वाचतो. "घ्या हो वहिनी, बघायला पैसे नाही लागत" हे वाक्य म्हणजे अख्खं कन्झ्युमर बिहेविअरचं पुस्तक आहे. तुळशीबाग बघा, लिंकिंग रोड बघा, उल्हासनगरच्या जीन्सचं मार्केट बघा, सोलापुरात नातेवाईक असतील तर तिथल्या युनिफॉर्मवाल्यांकडे जा, शाळा सुरू व्हायच्या आधी त्यांचं वर्ष कसं ठरतं ते विचारा. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीचे लूम एकदा तरी ऐका, बघा म्हणत नाहीये, ऐका, आत बोललेलं ऐकू येत नाही एवढा खडखडाट असतो.

आपलं कॅलेंडर हे आपलं भांडवल आहे

पुस्तकात स्प्रिंग समर आणि ऑटम विंटर शिकवतात. परीक्षेत तेच लिहा. पण इथे विकायचं असेल तर संक्रांत, लगीनसराई, पाडवा, शाळा, गणपती, नवरात्र, दिवाळी हे सीझन आहेत.

संक्रांतीचं घ्या. बाकी सणाला काळा रंग घरात कुणी घालू देत नाही आणि संक्रांतीला मात्र काळी साडी, लहान बाळाला काळं झबलं, हलव्याचे दागिने. म्हणजे जानेवारीच्या पहिल्या दोन आठवड्यांत महाराष्ट्रातल्या दुकानांत काळ्याला जी मागणी येते ती इतर राज्यांत नसते. दिल्लीत बसलेल्या प्लॅनरला हे कुणी सांगितलं नाही तर तो सगळ्या देशाला सारखा माल पाठवतो. ती सांगणारी तुम्ही व्हा.

नवरात्रीचे नऊ रंग तर क्लासिक केस आहे. अनेकांना वाटतं ही जुनी परंपरा, पण आजच्या स्वरूपातली ही प्रथा पसरली २००० नंतर, महाराष्ट्र टाइम्सने रंग छापायला आणि वाचक महिलांचे फोटो छापायला सुरुवात केल्यावर. वर्तमानपत्राच्या एका उपक्रमातून अख्खी लोकल ट्रेन एका रंगाची व्हायला लागली! रंगाचा हिशोब बराचसा वारावर चालतो, सोमवार पांढरा, मंगळवार लाल, बुधवार निळा, गुरुवार पिवळा, शुक्रवार हिरवा, शनिवार राखाडी, रविवार नारिंगी, उरलेल्या दोन दिवसांना मोरपंखी, गुलाबी असे रंग येतात. २०२५ ला घटस्थापना सोमवारी होती म्हणून पांढऱ्याने सुरुवात झाली (आणि त्याच दिवशी वर सांगितलेला नवा जीएसटी लागू झाला, बिलिंगवाल्यांचं काय झालं असेल विचार करा). म्हणजे वार बघून रंगांचा अंदाज महिने आधी बांधता येतो, राखाडी साडी बायकांच्या कपाटात बहुतेक नसतेच हेही माहिती असतं, मग राखाडी कुर्त्यांची ऑर्डर उन्हाळ्यातच द्यायला नको का?

अजून एक जे पुस्तकात कधीच नसतं, अधिक महिना. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, साधारण मे महिन्याच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत, त्यात लग्नाचे मुहूर्त नसतात. ऐन मे-जूनची लगीनसराई कापली गेली आणि पुढचे सगळे सण पुढे सरकले, २०२५ ला गणपती २७ ऑगस्टला आले होते तर २०२६ ला १४ सप्टेंबरला. आता जो कुणी ऑगस्टची विक्री मागच्या ऑगस्टशी ताडून बघेल तो म्हणेल धंदा पडला. धंदा पडलेला नाही, गणपती यायचेत. महिन्याशी महिना न जुळवता सणाशी सण जुळवायचा, हे प्रेझेंटेशनमध्ये एकदा बोललात तरी तुमचं नाव लक्षात राहतं.

प्रोजेक्टला विषय कुठला घ्यायचा

कृपा करून शनेल आणि गुचीसारखे परदेशी ब्रँड घेऊ नका, तिथलं खरं काही तुमच्या हाताला लागणार नाही. ज्याच्यापर्यंत एसटीने पोचता येतं तो विषय घ्या. येवल्याची पैठणी घ्या, कोल्हापुरी घ्या.

कोल्हापुरीचं तर सगळं नुकतंच घडलंय. जून २०२५ ला मिलानमध्ये प्राडा या इटालियन ब्रँडच्या पुरुषांच्या शोमध्ये मॉडेल्सच्या पायात आपल्या चपलेसारखीच चप्पल, आणि नाव दिलं नुसतं लेदर सँडल. इथे गदारोळ झाला, महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सने पत्र लिहिलं, मग कंपनीने प्रेरणा भारतीय कारागिरीची आहे हे मान्य केलं, त्यांची माणसं कोल्हापूरला येऊन गेली, आणि डिसेंबरमध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला. कोल्हापुरीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालेला आहे २०१९ पासून, महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकचे चार जिल्हे मिळून. आता प्रश्न विचारा. जीआय असून शोमध्ये ती चप्पल कशी गेली, म्हणजे जीआय नक्की कशाला थांबवतो, नावाला की डिझाइनला? गदारोळाच्या महिन्यात कोल्हापुरातल्या दुकानदाराचा खप वाढला का, आणि वाढला तर तो पैसा चप्पल बनवणाऱ्यापर्यंत गेला का? जोडीमागे कारागिराला किती, चामड्याला किती, दुकानाला किती? ही उत्तरं इंटरनेटवर नाहीत, शिवाजी पुतळ्याजवळच्या चप्पल लाइनला जाऊन विचारायची आहेत. दोन दिवस तिथे बसलात तर पोर्टफोलिओ तयार.

पोर्टफोलिओवरून आठवलं, मार्केटिंगवाल्यांनी स्केच आणि मूडबोर्डच्या मागे फार लागू नये. तीन कामं पुरतात: एक दुकानाचं निरीक्षण, एक आकड्यांचं (शंभर दोनशे ओळींची एक्सेल शीट आणि त्यावरून तुम्ही काय ठरवलं), आणि एक अशी मोहीम जी खरंच चालवली, भले ती मावशीच्या ब्लाउजच्या व्यवसायाची व्हॉट्सअॅप कॅटलॉग असेल. कॉलेजच्या ब्रँडसाठी इन्स्टावर पेड पोस्ट केली तर जाहिरात आहे असं स्पष्ट लिहा, एएससीआयचे (जाहिरातींवर लक्ष ठेवणारी, जाहिरात उद्योगाचीच संस्था) इन्फ्लुएन्सरसाठीचे नियम २०२१ पासून आहेत आणि इंटरव्ह्यूला विचारतात.

इंटर्नशिपला हेड ऑफिसच मिळालं पाहिजे असा हट्ट करू नका. दिवाळीच्या आधीचे काही आठवडे दुकानाच्या फ्लोअरवर उभं राहिलेलं कुणी आणि फक्त प्रेझेंटेशन केलेलं कुणी, दोघं बोलायला लागले की फरक लगेच कळतो. पाय दुखतात, खरंय. चांगल्या चपला घ्या म्हणून टायटलमध्येच सांगितलं.

बाहेर जायचं असेल तर थोडक्यात

इंग्लंडमध्ये फॅशन मार्केटिंग याच नावाने बीए, एमए, एमएससी मिळतात, लंडन कॉलेज ऑफ फॅशन (आता ते स्ट्रॅटफर्डला नव्या इमारतीत गेलंय), मँचेस्टर, लीड्स वगैरे. मास्टर्स बहुतेक ठिकाणी एका वर्षाचं असतं, म्हणजे राहायचा खर्च एकाच वर्षाचा, पण तेवढ्याच वेळात नोकरी पण शोधायची असते, आणि शिक्षणानंतर थांबायचा व्हिसा आता आखडता घेतलाय. माझं प्रामाणिक मत, आधी इथे दोन वर्षं काम करा, मग जा. कापड, गिऱ्हाईक, हिशोब कळलेला असेल तर तिथलं वर्ष सोनं होतं, नाहीतर महागडं पर्यटन.

कागदपत्रं, कारण दरवर्षी कुणीतरी यात अडकतंच

निफ्ट केंद्राची संस्था आहे, त्यामुळे ओबीसीचं नॉन क्रीमी लेअर केंद्राच्या नमुन्यातलंच लागतं, इंजिनिअरिंगच्या अॅडमिशनला काढलेलं राज्याचं चालत नाही, आणि जात केंद्राच्या यादीत आहे का तेही आधी बघा, राज्याच्या यादीत असलेली प्रत्येक जात तिथे असेलच असं नाही. ईडब्ल्यूएसचंही तसंच, केंद्राचा नमुना. फॉर्म साधारण डिसेंबरच्या आसपास निघतात आणि परीक्षा फेब्रुवारीच्या सुमारास, त्यामुळे दिवाळी झाली की लगेच सेतूत अर्ज टाका आणि पावती जपून ठेवा, तहसीलला किती दिवस लागतील याचा भरवसा कुणीच देत नाही. एज्युकेशन लोनचं पण बँकेत आधीच विचारून ठेवा, कॉलेज त्यांच्या यादीत असेल तर तारण किती लागतं, सह-अर्जदार कोण, आणि हॉस्टेल-मेसचा खर्च कर्जात धरतात का, कारण खारघरला रूम स्वस्त नाहीये. बाकी काही अडलं तर खाली विचारा, फक्त "ताई स्कोप आहे का" एवढंच विचारू नका, कुठलं कॉलेज, कुठला कोर्स, किती बजेट ते लिहा म्हणजे नीट सांगता येईल.